ऑडिटपुरती गोळी

सकाळी सात वाजता क्रेनचालक भीमराजनं चाकणच्या कारखान्यातल्या दवाखान्यात उपाशीपोटी रक्त दिलं. गेल्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली होती. कोलेस्टेरॉल पुन्हा चढलेलं निघालं तर क्रेनवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

रांगेत मागे त्याच्याच खात्यातला धम्मपाल होता. "भावा, आठवडाभर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या खाल्ल्या ना?"

ऑडिट आलं की कारखान्यात जमिनीवरचे पिवळे पट्टे तेवढ्यापुरते रंगवतात, तशी हे दोघे तपासणीपुरती गोळी घ्यायचे. उन्हाळ्यात भीमराजची ही चलाखी त्याच्या लेकीनं, नेहानं पकडली. ती हिंजवडीच्या प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर काम करते.

"पप्पा, गोळी चरबी धुऊन काढत नाही," ती म्हणाली होती. "ती यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन अडवते. तुटवडा जाणवला की पेशी एक जनुक जोरात चालवतात आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेणारे हात वाढवतात. गोळी सोडलीत की हात पुन्हा कमी."

"म्हणजे ऑर्डर बंद, की कंत्राटी पोरं घरी!"

"अगदी तसंच."

तेव्हापासून त्यानं एकही दिवस चुकवला नव्हता.

"आता रोज खातो राव," हातावरचा कापूस दाबत भीमराज म्हणाला. "माझ्या यकृतात तिन्ही शिफ्ट चालू आहेत."

धम्मपाल हसला आणि त्यानं बाही वर केली. त्यानं गोळी या सोमवारीच सुरू केली होती, तपासणीपुरती.

शिफ्ट सुटली तेव्हा दोघांचेही रिपोर्ट आले नव्हते. भीमराजनं क्रेनची चावी नेहमीच्या खिळ्याला अडकवली.