बारा यंत्रं आणि मेतवल्लीची कबुतरं

वग्दीचा फोन थरथरायला लागला की इम्बाबा वस्तीतल्या त्या कचेरीत लोक आपापले पेले धरून बसत. परवा तर तो टेबलावरून चालतच निघाला, फायलींच्या गठ्ठ्याला वळसा घालून चहाच्या पेल्याशी पोचला आणि आत डोकावला. पाहणारे अजून शपथेवर सांगतात.

दोन गल्ल्या पलीकडे कंपनीचं औषधांचं गोदाम होतं, त्यात लसींची थंड खोली. या खोलीच्या यंत्रासकट गोदामातली बारा यंत्रं नीट चालतायत ना, यावर वग्दीने बसवलेलं सॉफ्टवेअर नजर ठेवायचं. कचेरीच्या गच्चीवर एक अँटेना, गोदामाच्या गच्चीवर दुसरी. दोघी एकमेकींकडे तोंड करून दिवसभर बोलायच्या. पण गेले आठ दिवस दुपारची असरची बांग झाली रे झाली की बाराच्या बारा यंत्रं पडद्यावर लाल. बारांचे बारा इशारे, तेही पुन्हा पुन्हा आणि सगळ्यांच्या फोनवर. सूर्य बुडाला की सगळी आपोआप हिरवी. जाऊन बघावं तर यंत्रं मजेत.

"वग्दी," मालकीण इन्शिराहबाई म्हणाल्या, "काल भाचीच्या साखरपुड्यात माझी पर्स छत्तीस वेळा किंचाळली. नवऱ्या मुलाची आई विचारते, आत मांजर आहे का?"

"शोधतोय बाई."

"गुरुवारपर्यंत शोध. नाहीतर तुझं सॉफ्टवेअर काढते, पाठोपाठ तुलाही काढते, आणि गोदामावर पहारेकरी हसबल्लाला वही देऊन बसवते. पारा आठ अंशांवर गेला की तो एकदाच 'ओ बाई' म्हणेल. एकदाच!"

"बाई, आज गुरुवारच आहे."

"मग जेवायला बसू नकोस."

वग्दी बसलाच नाही. आठवडाभर त्याने वायरी बदलल्या होत्या, स्विच बदलला होता, सॉफ्टवेअर उपटून पुन्हा लावलं होतं. आज त्याने शेवटचा डाव टाकला. नवा नियम घातला: अँटेना गप्प झाली तर तिच्या मागच्या बारांनी ओरडायचं नाही. एकच इशारा, तोही फक्त वग्दीला.

असर झाली. फोन एकदाच गुरगुरला. कचेरीत अशी शांतता पसरली, की खालच्या दुकानात तळण्याचं तेल काय म्हणतंय ते तिसऱ्या मजल्यावर शब्दन् शब्द कळावं. इन्शिराहबाई चक्क हसल्या.

वग्दीला मात्र बूड टेकवेना. पोराचं तोंड दाबलं की रडणं थांबतं, पोटदुखी थांबत नाही. आता सूर्य बुडेपर्यंत थंड खोलीत अंडी उकडली तरी कुणाला कळणार नव्हतं, आणि ही सोय त्याने स्वतःच्या हाताने केली होती. तो उठला, बसला, पुन्हा उठला, आणि जिना चढून गच्चीवर गेला.

दोन अँटेनांच्या मध्ये, एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर, मेतवल्लीकाकांचा लाकडी कबुतरखाना होता. गेल्या आठवड्यात त्याला वरचा मजला फुटला होता. त्याचं पत्र्याचं नवं दार सताड उघडं, थेट अँटेनाच्या तोंडावर.

सात मजले आणि वर एक हलती शिडी चढून वग्दी तिथे पोचला, तर काका हातात पाखरं उडवायचा झेंडा घेऊन उभे.

"कोण? झैनहुमने पाठवलं तुला? माझी पाखरं मोजायला?"

"नाही काका, मी त्या समोरच्या औषधकंपनीतला. तुमचं दार माझ्या अँटेनाच्या आड येतंय. दुसरीकडे वळवता का?"

"असर झाली की दार उघडून पाखरं उडवायची, सूर्य बुडाला की लावायचं; आणि या दारासमोर झैनहुमची गच्ची आहे. त्याचं पाखरू भुलून माझ्याकडे उतरलं की ते माझं, माझं उतरलं की त्याचं. दार वळवलं तर तो म्हणेल, मेतवल्ली भ्याला. त्यापेक्षा मिशी भादरतो!"

"काका, पण..."

"पण काय? आधी माझी तक्रार ऐक! तुमच्या गोदामाच्या गच्चीवर गरम वारा फेकणारं ते खोकं आहे ना? या थंडीत माझी अर्धी पाखरं तिथे शेकत बसतात. खानदानी पाखरं, आणि यंत्राच्या बुडाशी! शिट्टी मारली, झेंडा फिरवला, ढिम्म हलत नाहीत. आज मात्र देवाने ऐकलं. अर्धा तास झाला, न बोलावता सगळी घरी. बघ कशी गारठून फुगलीत."

वग्दी हसायला लागला, आणि तोंड उघडंच राहिलं. गरम वारा फेकणारं ते खोकं म्हणजे थंड खोलीचं यंत्र. ते गार पडलं म्हणजे खोली तापत होती.

"काका, दार लावा! आत्ता!"

"मिशी..."

"मिशी राहू दे, एक मिनिट लावा!"

काकांनी दार ढकललं. फोन श्वास घेतल्यासारखा उजळला. एकच ओळ लाल: थंड खोली, सात पूर्णांक दोन अंश. आठाला लसी गटारात.

वग्दीने जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्यांवर पाय ठेवला; बाकीच्या पायऱ्या अजून त्याची वाट बघतायत. गोदामाच्या दाराशी हसबल्ला मसुराच्या सुपात पाव बुडवत होता.

"काय झालं साहेब?"

"वर चल! पाव ठेव, पाव!"

यंत्राच्या पंख्यात पिसं अडकून अडकून तो जाम झाला होता, त्यामुळे विजेचं बटण आपोआप खाली पडलं होतं. दोन उशा आणि एक लहान लोड भरेल इतकी पिसं निघाली. बटण वर केलं. यंत्र खाकरलं, शिंकलं, चाललं. आकडा सात पूर्णांक आठवर अडखळला, मग खाली उतरायला लागला. वग्दी दिवसभरात पहिल्यांदाच निवांत बसला, तोही पिसांच्या ढिगाऱ्यावर.

त्याने पंख्याला जाळी लावली, कचेरीवरची अँटेना उंच खांबावर चढवली. काकांचं दार जिथे होतं तिथेच राहिलं, मिशीही.

शनिवारी इन्शिराहबाई पडद्यासमोर थबकल्या. "यंत्रं बारा ना रे? हे तेरावं कुठलं? 'मेतवल्ली'?"

"सातव्या मजल्यावरचं, बाई. चहावर चालतं."

तेवढ्यात असर झाली आणि वग्दीचा फोन वाजला.

"इंजिनियरसाहेब," काका कुजबुजले, "पाखरं तुमच्या खोक्यापाशी शेकतायत, सगळी जागेवर आहेत. उलट एक जास्तच आहे. झैनहुमला बोलू नकोस."