उठता येईल अशी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पाय लोखंडी, हात लाकडी आणि स्वभाव जरा फटकळ. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते, मला सोफे आवडत नाहीत. का, ते पुढे कळेलच.

एका अरुंद कारखान्यात, लाकडाच्या भुशाच्या ढिगाशेजारी माझा जन्म झाला. मला घडवणारे सुतार फार बोलत नसत. पॉलिश वाळल्यावर त्यांनी स्वतःच्या आईला बोलावून आणलं. तिचे गुडघे दुखायचे. तिला माझ्यात बसवून ते म्हणाले, "आता कुणाचा हात न धरता ऊठ बघू." तिने माझ्या दोन्ही हातांवर तळवे टेकवले, जोर दिला आणि उठली. "जमलं की रे!" ती म्हणाली. सुतारांचा चेहरा खुलला. "बसायला काय, दगडसुद्धा चालतो," ते म्हणाले. "उठता आलं पाहिजे, तेव्हा ती खुर्ची." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. ते मी अजून विसरलेले नाही.

तिथून मी थेट नव्या मोटारींच्या शोरूममध्ये आले. काचेच्या उंच भिंती, चकचकीत फरशी आणि तिच्यावर नटून उभ्या असलेल्या गाड्या. माझी जागा मात्र कोपऱ्यातल्या टेबलापाशी होती. गाडी सगळ्यांना दिसायची, पण ती कितीला जाणार हे माझ्यापाशी ठरायचं. त्या वेळचे मालक मला थोपटून म्हणायचे, "या खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक परत येतं." मी फुशारून जायची. का फुशारू नये?

किती घासाघीस ऐकली म्हणून सांगू! टेबलाच्या वर माणसं मोठ्या तोऱ्यात बोलतात. मला टेबलाखालचं दिसायचं. नवरा "ठीक आहे, घेऊ या" म्हणायला लागला की बायको त्याच्या बुटावर चप्पल दाबायची. आणि विकणाऱ्याचा पाय! वर तो शपथेवर सांगत असायचा, "आता एक पैसा कमी होणार नाही." खाली मात्र त्याचा पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा हलत असायचा. पाय हलतोय तोवर किंमत उतरू शकते, पाय थांबला की समजावं, आता खरंच तळ लागला. ही विद्या मी कुणाला शिकवू शकले नाही, कारण मला बोलता येत नाही. पण त्या काळी माणसं ताठ बसायची, पटलं नाही तर उठायची, दुसरीकडे चौकशी करून यायची आणि मगच गाडी न्यायची.

मग मालक बदलले आणि नवे मॅनेजर आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोफे मागवले. गुबगुबीत, खोल, बुटके. बसलं की गुडघे हनुवटीपाशी! मॅनेजर हसत हसत आपल्या माणसांना म्हणाले, "गिऱ्हाईक एकदा रुतलं की उठायचा कंटाळा करतं. आणि त्याचा कंटाळा तो आपला फायदा." आता कळलं ना, सोफ्यांचं आणि माझं का जमत नाही?

मला उजव्या हाताला धरून फरफटत आतल्या खोलीत नेलं. त्या ओढाताणीत माझ्या हाताचा एक स्क्रू निघून पडला आणि दुसरा ढिला झाला. साफसफाई करणाऱ्या मावशींनी पडलेला स्क्रू उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "कुणीतरी लावा रे," त्या म्हणाल्या. कुणी लावला नाही. पाण्याचे जार, रिकामी खोकी, चहाचं यंत्र आणि मी, असा आमचा संसार सुरू झाला. माझा स्क्रू रोज माझ्या डोळ्यांसमोर असायचा, आणि मला खूप वाईट वाटायचं.

त्या खोलीत मला एक गोष्ट मात्र कळली. बाहेर गाड्या विकणारा एक हसतमुख माणूस होता. किंमत अडली की तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "थांबा जरा, साहेबांना विचारून येतो." म्हणून मी त्याचं नाव विचारून-येतो असंच ठेवलं. तो यायचा तो आमच्या खोलीत. तिथे साहेब नसायचेच! तो एक बिस्कीट खायचा, फोन बघायचा, मग आरशात पाहून चेहरा पाडायचा आणि बाहेर जाऊन सांगायचा, "खूप भांडलो हो तुमच्यासाठी, पण साहेब ऐकेनात." सोफ्यात रुतलेली माणसं उलट त्याचेच आभार मानायची. मी आतल्या आत चडफडायची.

आणि एक दिवस ती आली.

ती चष्म्याच्या दुकानात काम करणारी, तिशीतली बाई होती. लहानपणच्या आजारपणात तिच्या पायांतलं बळ गेलं होतं. दोन्ही काखांत कुबड्या घेऊन ती सावकाश, पण कुठेही न थबकता आत आली. बरोबर तिचा मोठा भाऊ होता. विचारून-येतो लगबगीने सोफा दाखवू लागला.

"यात बसले तर मला उठवायला क्रेन आणावी लागेल," ती म्हणाली. "हातांची खुर्ची नाही का?"

शोधाशोध झाली आणि इतक्या काळाने मी पुन्हा उजेडात आले. बसण्याआधी तिने माझा उजवा हात हलवून पाहिला. "हा हलतोय."

"जुनी आहे हो मॅडम, पण चालतंय."

"चालत नाहीये, हलतंय," ती म्हणाली आणि जपून बसली. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोलणं सुरू झालं. तिला साधी, गिअर आपोआप बदलणारी छोटी गाडी हवी होती. पायांनी दाबायचं ते हाताने दाबता यावं म्हणून तिच्यात एक दांडी बसवून घ्यावी लागणार होती. त्या दांडीचा खर्च वेगळा, चाळीस हजार. आणि तिच्याजवळचे पैसे ठरलेले होते. किंमत तेवढी उतरली तर गाडी तिची. नाही उतरली तर गाडी दारात येईल, पण चालवायची कुणी? आजवर भाऊच तिला स्कूटरवरून कामाला सोडायचा आणि न्यायला यायचा.

ही सगळी कथा विचारून-येतोला कुणी सांगितली असेल? भावाने! तो इतका भला माणूस की त्याच्या पोटात काही राहतच नसे. चहा येण्याआधीच तो म्हणाला, "माझी बदली झालीय हो. पुढच्या महिन्यात मी जाणार. त्याच्या आत गाडी मिळालीच पाहिजे. आणि हिला तो निळा रंग भलताच आवडलाय!"

टेबलाखाली तिने कुबडीचं टोक भावाच्या पायावर ठेवलं. पण बाण सुटला होता. विचारून-येतोचं हसू रुंदावलं. घाई आहे, रंग ठरलाय, मग किंमत कशाला उतरवायची? त्याने कागदावर भराभर आकडे मांडले. गाडीची किंमत, विमा, हाताळणी खर्च, गाडीच्या पोटाला कोटिंग, सीट कव्हर.

तिने कागद ओढून घेतला. "विमा मी बाहेरून काढणार. हाताळणी खर्च म्हणजे काय? तुमची गाडी तुम्हीच हाताळली, त्याचे पैसे मी देऊ? आणि कोटिंग म्हणाल तर मी चष्म्यांवर रोज कोटिंग विकते. काढा ते."

विचारून-येतो हसला, पण खाली त्याचा पाय हलू लागला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! एक एक करून त्याने दोन गोष्टी खोडल्या. तरी दांडीचे पैसे निघेनात.

"अगं, दांडी नंतर बसवू," भाऊ हळूच म्हणाला. "मी पाठवीन ना पैसे."

"नंतर म्हणजे कधी, दादा? तोवर गाडी बघत बसू? तुझं नवं बिऱ्हाड लागायचंय, मुलीची शाळा बदलायचीय. तू मला खूप वर्षं कामाला सोडलंस. आता मला स्वतः जायचंय." मग ती समोर वळून म्हणाली, "पलीकडच्या शोरूमने हीच गाडी मी म्हणते त्या किमतीला द्यायची तयारी दाखवलीय. फक्त निळी नाही, पांढरी. तुम्ही दिलीत तर आत्ता सही करते."

"थांबा जरा," तो उठला, "साहेबांना विचारून येतो."

मी मनात ओरडले, अगं, आत साहेब नाहीत गं! पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? तो आत गेला. ती थोडा वेळ त्या दाराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा, कुबड्या दे. साहेबांना मीच विचारते."

"अगं, बस ना. येतोय तो. बरं दिसत नाही."

"न दिसू दे."

आणि तिने माझ्या दोन्ही हातांवर तळवे टेकवले.

मित्रांनो, तो क्षण मी कधीच विसरणार नाही. माझ्या उजव्या हातात एकच स्क्रू होता, तोही ढिला. तिचा सगळा भार त्यावर आला आणि हात करकरला. इथे मी दगा दिला असता तर ती पडली असती, आणि पडलेल्या माणसाशी कुणी किमतीचं बोलत नाही, पाणी आणा म्हणतात. मला सुतारांची आई आठवली. मी तो एकुलता एक स्क्रू जिवाच्या आकांताने धरून ठेवला. ती उठली! कुबड्या काखेत घेतल्या आणि टक टक करत थेट आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

उघड्या दारातून मलाही दिसलं, विचारून-येतो आरशासमोर चेहरा पाडण्याचा सराव करत होता. हातात अर्धं बिस्कीट होतं.

"साहेब बिस्किटाच्या पुड्यात बसतात का?" तिने विचारलं.

त्याला ठसकाच लागला. मावशींनी तोंडाला पदर लावला. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरून खरे मॅनेजर धावत खाली आले. इतर गिऱ्हाइकं सोफ्यातून माना उंचावून बघत होती, उठायची धडपडही करू लागली होती.

"ताई, बसा ना, बसून बोलू," मॅनेजर अजिजीने म्हणाले.

"बसून झालं," ती म्हणाली. "आता उभ्यानेच बोलू. माझा आकडा टेबलावर आहे. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पांढरा रंगही मला शोभतो." आणि ती दाराकडे वळली. तिची चाल सावकाश होती, त्यामुळे मॅनेजरना विचार करायला भरपूर वेळ मिळाला. भाऊ मात्र या वेळी चकार शब्द बोलला नाही. तो गुपचूप तिच्या मागे निघाला.

ती काचेच्या दाराला हात लावणार, तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "द्या हो त्यांना त्या किमतीत."

ती परत आली. पेन हातात घेतलं आणि थांबली. "आणखी एक अट आहे."

मॅनेजरनी डोळे मिटले. सीट कव्हर फुकट मागणार, असं त्यांना वाटलं असावं.

"या खुर्चीचा हात घट्ट करून द्या. आत्ता, माझ्यासमोर. त्याशिवाय सही नाही."

मावशी धावत जाऊन खिडकीच्या कट्ट्यावरचा स्क्रू घेऊन आल्या. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकने दोन्ही स्क्रू आवळले. तिने हात हलवून पाहिला. तो जराही हलला नाही. मग तिने सही केली. मला तेव्हा रडू आलं असतं, पण लाकडाला ती सोय नाही.

त्यानंतर मला कुणी आत टाकलं नाही. पुढे एका सकाळी निळी गाडी दारात येऊन थांबली. गाडी पहिल्या सर्व्हिसिंगसाठी आली होती. चालकाच्या जागेवरून ती स्वतः उतरली. स्टिअरिंगशेजारची दांडी काचेतून मलाही दिसली. ती येऊन माझ्यात बसली, सवयीने माझा उजवा हात हलवून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या गावाहून भावाचा मोठा, भाबडा आवाज आला. "पोचलीस का गं? कुणी सोडलं तुला?"

तिने काचेबाहेरच्या निळ्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी हातांची जुनी खुर्ची असेल. कोपऱ्यात ढकलली असेल, तिच्यावर कपडे टाकले असतील. आज तिचा हात जरा हलवून बघा. स्क्रू ढिला असेल तर आवळा, पडला असेल तर शोधा. उद्यावर टाकू नका. तुमच्यातल्याच कुणाला तरी एखाद्या दिवशी त्या हातांवर भार देऊन उठायचं असेल, आणि समोरच्याच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं असेल.