शोकेसमधली फ्रेंच बाटली

आज रिकामी असले तरी मी अस्सल फ्रेंच लाल वाइनची बाटली आहे, मित्रांनो. माझे गाव बोर्दो भागातले सांतेमिलिओं. तिथे चुनखडीच्या टेकडीवर मर्लो जातीची काळी द्राक्षे पिकतात. गावाखाली दगडाच्या जुन्या खाणी आहेत, तुमच्या चिरेखाणींसारख्या, फक्त वर छप्पर असलेल्या. त्या गार अंधारात माझा रस ओकच्या पिंपात दीड वर्ष मुरला. मग बूच लावून मला आडवे निजवले. आडवे असले की बूच ओले राहते आणि बूच ओले राहिले की मी जगते. एवढेच माझे पथ्य.

ओंकार हा क्रूझ जहाजावरचा वाढपी. त्याने मला लुंगीत गुंडाळून कोकणातल्या तळेऱ्याजवळच्या आपल्या गावी आणले, तेही नेमके चतुर्थीला. घरात गणपती बसलेले, मग मला उघडणार कोण? पुढच्या सुट्टीत उघडू असे ठरले आणि विसर्जन होताच ओंकार जहाजावर परत गेला.

त्याचे वडील बाबली भात आणि काजू पिकवणारे शेतकरी. मुलाने आणलेली वस्तू कपाटात लपवायची कशी? त्यांनी मला हॉलमधल्या शोकेसमध्ये ताठ उभे केले, दुपारच्या उन्हात चमकेन अशा बेताने. पाहुणा आला की चहाच्या आधी माझे दर्शन. गावच्या शाळेतल्या गुरुप्रसाद मास्तरांनी माझे लेबल मोठ्याने वाचून दाखवले. एकही शब्द बरोबर नव्हता, पण पकडणारे कोण होते? आमच्या काजूच्या दारूपुढे हे पाणी, असा निकाल एका शेजाऱ्याने बूच न काढताच दिला आणि जाताना दोनदा मागे वळून पाहिले. माणसे ओळखायला मी त्या काचेमागेच शिकले.

ओंकारची आई नर्मदाबाई मात्र काही बोलत नसत. रोज मला पदराने पुसत आणि लेबल दाराकडे वळवून ठेवत. मला त्या झिलाची बाटली म्हणत. झील म्हणजे मुलगा.

पहिला उन्हाळा मी कसाबसा काढला. ओंकारची सुट्टी एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. दुसऱ्या माघात नर्मदाबाईंनी अंथरूण धरले. घास गिळेना. एका दुपारी त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "अवो, ती बाटली फोडा. एक चमचो व्हयो माका. झिलान आणल्यान ती कशी लागता, बघतंय."

"झील येवंदे," बाबली म्हणाले. "तेच्याच हातान फोडूया. तवसर तू बरी होतलंस."

त्या हसल्या. पुन्हा त्यांनी मागितले नाही.

वैशाखात त्या गेल्या. जहाजावरून निघालेला ओंकार पोचला तो तिसऱ्या दिवशी.

तेरावे झाल्यावर बाबलींनीच मला खाली काढले आणि ओंकारपुढे ठेवले. बूच वाळून त्याचा भुगा झाला होता. ओंकारने वास घेतला आणि मला बाजूला सारले. रोज अशा बाटल्या उघडणाऱ्याला वास पुरेसा होता. बाबलींनी घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि खाली बघत विचारले, "कधी आंबली रे ही?"

ते काय विचारत आहेत हे ओंकारला ठाऊक होते. आईचे मागणे त्यांनीच त्याला फोनवर सांगितले होते.

"पयल्याच उन्हाळ्यात, बाबा," तो म्हणाला. "आयेन मागल्यान तेवां ही आंबलेलीच होती. दिलस नाय, ता बरा केलस."

बाबली कितीतरी वेळ मान हलवत राहिले. मग बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले. मला ओंकारने परसात नेऊन ओतले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी आले तर त्याला गार, अंधाऱ्या जागी निजवा. शोभेसाठी उन्हात उभे करू नका. आणि घरातल्या माणसाने चमचाभर मागितले, तर त्याच दिवशी बूच काढा. येणाऱ्यासाठी दुसरी बाटली आणता येते.

मी आंबले ती त्या वैशाखाच्या उन्हात. नर्मदाबाईंनी मागितले, त्या दुपारी मी चांगली होते. पण एवढे मात्र बाबलींना कुणी सांगू नका.