डाव्या दाराचे पन्नास हजार

मी गाडी बोलतेय. छप्पर मागे सारून फिरायची, दोन दारांची, विलायतेहून आलेली, साठी केव्हाच उलटलेली. माझे वय सगळे विचारतात आणि ऐकून खूश होतात. जितकी म्हातारी तितकी महाग! हे भाग्य माणसांत कोणाच्या आजीला मिळालेले मी पाहिले नाही.

पोर्तुगीज अमलात मी बोटीतून मुरगावला उतरले. एका भाटकाराने, म्हणजे मोठ्या जमीनदाराने, मला मागवले होते. तो वर्षातून चार दिवस माझ्यातून फिरायचा आणि उरलेले दिवस लोकांना ते सांगत बसायचा. तो वारला, मुलगे परदेशी गेले, आणि मी नार्व्याच्या एका गोठ्यात जाऊन पडले. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. खरे सांगते, माझ्यात बसून कोणी काही उपयोगाचे काम केले ते तेव्हाच पहिल्यांदा.

तिथून मला सुदेशने उचलले. तो डिचोलीत खनिजाच्या ट्रकांचा मेकॅनिक. खाणी बंद पडल्या, ट्रक रांगेने गंजत उभे राहिले, तेव्हा रिकाम्या हातांना त्याने माझे काम दिले. सहा वर्षे लागली. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिनाचा प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला. छप्पर केले ते खनिज झाकायच्या ताडपत्रीचे. सीटना लाल मखमल चढवली पेडण्याच्या सगुणमामांनी. ते दशावताराचे पोशाख शिवतात. त्यामुळे माझ्यात कसलाही माणूस बसला तरी अर्धा इंद्र दिसतो.

हाताशी होता धाकटा भाऊ गौरेश. नववीत शाळा सोडलेला, डोक्यात लवकर राख घालणारा. पाना मागितला तर पक्कड द्यायचा, आणि हेच बरे म्हणून वर भांडायचा.

गेल्या चतुर्थीच्या आधी सुदेश गेला. वय छत्तीस. छातीत दुखते म्हणाला, स्वतःच स्कूटर चालवत दवाखान्यात गेला, परत आला नाही. भेटायला आलेली माणसे डोळे पुसून झाल्यावर शेडकडे बघायची. “तिचे काय करणार?” तिचे म्हणजे वहिनीचे असेल असे गौरेशला वाटायचे. ते माझे असायचे.

वहिनी म्हणजे सुदेशची बायको सेजल. रोज सकाळी ती शेडमध्ये येऊन माझ्यासमोर उभी राहायची आणि मग दिवसभर तिच्या हातून काही व्हायचे नाही. शेवटी तिने सांगितले, “गौरेश, ही गाडी म्हाका दोळ्यांमुखार नाका. वीक तिका.”

गौरेश हो म्हणाला. पण भावाच्या हातांची किंमत दुसऱ्या कोणी करायची, हे त्याला सोसेना. म्हणून त्याने मनानेच ठरवली: नऊ लाख.

मोरजीचे हॉटेलवाले सागरशेठ आले. सोबत दत्तप्रसाद, जुन्या गाड्यांचे जाणकार. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. चिकटले तर पत्रा, नाही चिकटले तर पुट्टी. लग्नाची मुलगी बघायला आलेले लोकही निदान आधी पाणी पितात. यांनी थेट मला चुंबक लावले.

ते सगळीकडे चिकटले. दत्तप्रसादांचा चेहरा पडला. मग ते गुडघ्यांवर बसले.

“हे स्क्रू प्लस खाचेचे आहेत. त्या काळी मायनस असायचे.”

“प्लस म्हणजे वाढलांच नी,” गौरेश म्हणाला. “साडेनऊ.”

“छप्पर ट्रकच्या ताडपत्रीचे!”

“दहा टन माती सांभाळता ती. तुमचे दोन गिऱ्हाईक सांभाळूक नाय? दहा.”

दत्तप्रसादांनी मखमलीला बोट लावून तोंड उघडले, तसे सागरशेठ घाईने पुढे झाले. “दत्तप्रसादबाब, तुम्ही गप्प राहा! तुम्ही खोट काढता आणि गाडी महाग होते.”

मला हसू आले असते, पण बॅटरी काढलेली होती.

दत्तप्रसादांनी उजवे दार उघडून लावले. टक्. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा लावले. टक्. मग डावे लावले. खडाम! लागलेच नाही. थोडे वर उचलून ढकलले तेव्हा कुठे बसले.

“हे दुसऱ्या हाताचे काम,” ते म्हणाले. “बाकी सगळी गाडी एका माणसाने केलेली. चांगला होता तो, फार बारकाईचा. मग हे दार असे कसे राहू दिले? बिजागरी सरळ करायची, दहा मिनिटांचे काम.”

गौरेशने या खेपेला किंमत वाढवली नाही.

ते दार त्याने बसवले होते. सुदेश सुटे भाग आणायला म्हापशाला गेला असताना, एका दुपारी, हातोडीने. सुदेशने येऊन दार तीनदा लावून बघितले आणि म्हणाला, “बरें जालां.” त्यानंतर तीन वर्षे तो स्वतः ते दार उचलून लावत होता. एकदाही पाना लावला नाही. हे आजवर फक्त मला ठाऊक होते. आता गौरेशला कळले, आणि तेही चुंबकवाल्या परक्याकडून.

“दाराचे पन्नास हजार कमी करा,” दत्तप्रसाद म्हणाले. “नवे बसवावे लागेल.”

“करा,” गौरेश म्हणाला. “साडेनऊ. पण दार माझे.”

त्याने तिथल्या तिथे पाना घेतला. बोल्ट सोडताना नाक वाहत होते, ते मनगटाने पुसत होता. सागरशेठ खूश, दत्तप्रसाद खूश. भंगारात जायचे ते मालकानेच ठेवून घेतले!

वहिनी शेडच्या दारात आली. “गौरेश, एकटें दार घेवन कितें करतलो रे?”

“उगडतलों,” तो म्हणाला. “आनी लायतलों.”

ती हसली नाही. पुढे झाली आणि दाराचे दुसरे टोक तिने धरले.

एका बाजूने उघडी, मी क्रेनच्या गाडीवरून निघाले. चोपड्याच्या पुलावर स्कूटरवाले मागे वळून हसत होते. दात पडलेल्या म्हातारीला हसणारे नातू असतातच.

आता मी मोरजीला हॉटेलच्या दारात उभी आहे. नवे दार विलायतेहून आले. ते आवाज न करता लागते. उन्हात सोललेले पाहुणे माझ्या मखमलीवर ओल्या चड्डीने बसतात आणि फोटो काढतात. समोर पाटी आहे: ‘शंभर टक्के ओरिजिनल’. बनवणाऱ्याचे नाव तिच्यावर नाही, सागरशेठचे आहे.

पाटी वाचून मान डोलावणाऱ्यांनो, मला म्हातारीला निरोप द्या आणि जमले तर एकदा डिचोलीला जाऊन या. ओरिजिनल तिथे आहे, शेडच्या भिंतीला टेकून. चुंबक नेऊ नका. आणि किंमत तर मुळीच विचारू नका. गौरेश सांगेल, आणि तुमच्याकडे तेवढी नसेल.