दोन इंचांचा मामा

कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच ऋषीला बघायला घरी येणार म्हटल्यावर त्याच्या आईने, आसावरीने, सवयीने कांदेपोहे केले. ऋषी वाऱ्यासारखा धावायचा, लांबून आलेला चेंडू अलगद छातीवर झेलायचा. पण कोच म्हणाले, “हेडर मारायला उंची दोन इंच कमी पडते.”

“वाढेल की. त्याचा मामा पंचविशीपर्यंत वाढत होता,” म्हणत तिने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला.

“एक मिनिट हं,” म्हणून संग्राममामा गेला आणि दारात ताठ उभा राहिला. डोकं चौकटीला टेकलेलं.

कोच खूश झाले. “पाय केवढे आहेत? त्यावरूनही अंदाज येतो.”

मामीने भोळेपणाने फोन खाली नेला. पायांखाली जेवणाचा पाट होता.

ऋषीने डोळे मिटले. आसावरीने पोह्यांवर आणखी खोबरं घातलं.

“एवढी उडी तर हा रोज मारतो,” कोच बशी पुढे करत म्हणाले. “घेतो याला. पाट मात्र तिकडेच राहू दे.”