काकडी कोणी टाकली?

तुमच्यापैकीच कोणीतरी माझी बदनामी केली आहे. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणे! त्या शहाण्याने मला उलटं करून पाहिलं, पोटाखाली पाय दिसला आणि गावभर बोंब मारली. अहो, पाय पोटाशी नाही तर काय डोक्यावर असणार? आणि तोही एकच! एका पायावर सगळं घर ओढते, त्याचं कौतुक राहिलं बाजूला, वर लबाड ठरले ती मीच.

होय, मी ती गोगलगायच बोलतेय. हळू चालते म्हणून मला वेळच वेळ आहे असं समजू नका. मला फार घाई असते. फक्त ती कोणाला दिसत नाही.

मोत्यासारख्या पांढऱ्या अंड्यातून मी बाहेर आले आणि आधी स्वतःचं टरफल खाऊन टाकलं. घर सोडताना मागे कचरा ठेवायचा नाही, हा संस्कार आमच्यावर जन्मतःच होतो. तुमच्यावर कधी होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

मी वाढले कॉलेजातल्या एका मुलीच्या घरी. मी तिला ताई म्हणते. मैत्रिणीकडून तिने मला दह्याच्या रिकाम्या डब्यातून आणलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. खाली ओली माती, वर थोडं शेवाळ, कोपऱ्यात शंख मजबूत व्हावा म्हणून अंड्याच्या टरफलांचा चुरा.

ताईची आई घरीच कपडे शिवते. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. आईने पहिल्याच दिवशी बजावलं, “तुझं जनावर, तूच बघ. आम्ही हात लावणार नाही.”

“नाहीच लावणार,” बाबा म्हणाले.

आणि मग गंमत सुरू झाली. सकाळी ताई पालकाचं पान ठेवून जायची. ती गेली की आई मशीन थांबवायची, इकडेतिकडे बघायची आणि गाजराची सालं आत सोडायची. “खा गं, ती विसरली असेल.” चहाच्या वेळी बाबा यायचे, खिशातून काकडीची चकती काढायचे. “राणीसाहेब, आपल्यातच राहू दे हं.”

मी का नाही म्हणू? जमेल तेवढं खाल्लं. उरलेल्यावरून चालत गेले, ते मातीत दबत गेलं.

वास सुटला आणि चिलटं आली. काळी, बारकी, आगाऊ. दमट मातीत त्यांनी अंडी घातली आणि पेटी आपल्या बापाचीच असल्यासारखी नांदू लागली. त्यांच्यामागून पांढरे कण आले, धुळीएवढे, पण पळणारे! ते माझ्या अंगावरून शर्यती लावायचे, शंखाच्या कडेखाली माझं श्वास घ्यायचं भोक आहे, तिथे शिरायचे. मी जेवण टाकलं आणि शंखात दडी मारून बसले. खोड्या करायची हौस माझी. कोणी माझ्या काढलेल्या मला चालत नाहीत.

एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या रेशमी झग्यावर चिलट बसलं. आईने टाळी मारली. चिलट मेलं, झग्यावर डाग राहिला.

“रविवारपर्यंत हे किडे गेले नाहीत, तर पेटी बाहेर कुंडीत रिकामी करीन!”

बाहेरच्या कठड्यावर एक कावळा बसतो. काचेतून आमची ओळख आहे. ती वाढावी असं फक्त त्याला वाटतं.

शेजारच्या काकू सल्ला द्यायला तयारच होत्या. “वहिनी, चिमूटभर मीठ टाका. सगळं साफ!”

सगळं म्हणजे मीसुद्धा. मिठाने आमच्या अंगातलं पाणी निघून जातं आणि पाण्यामागून जीव.

बाबा किडे मारायचा फवारा घेऊन आले. ताई आडवी आली. “बाबा! त्याने किड्यांआधी ती मरेल!”

“मग किड्यांना काय हात जोडून सांगू, जा म्हणून?”

“आधी ते आले कशाला, ते बघू या.” ताईने मला वाडग्यात ठेवलं आणि माती उकरली. वर तिचा पालक निघाला. त्याखाली गाजर, त्याखाली काकडी, मग पुन्हा गाजर. सगळं कुजलेलं.

“मी आयुष्यात हिला काकडी दिलेली नाही. काकडी कोणी टाकली?”

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि व्यवस्थित चालणारं घड्याळ उघडलं. आईचं मशीन जोरात धावू लागलं. सुईखाली कापडच नव्हतं.

“आणि गाजर?”

मशीन थांबलं.

“अगं, वाटलं, उपाशी असेल,” आई म्हणाली.

“तू पण?” बाबा भिंगातूनच बघत राहिले.

पुढचं तिघांनी मिळून केलं. जुनी माती गेली. पेटी नुसत्या गरम पाण्याने धुतली, साबण वर्ज्य. नवी माती ओव्हनमध्ये भाजली, गार केली आणि मग पसरली. बाबांनी घड्याळाची धूळ झटकायच्या मऊ कुंचल्याने, कोमट पाण्याखाली, माझ्या अंगावरचे कण टिपले. उरलेल्या चिलटांसाठी पेटीबाहेर व्हिनेगरची वाटी ठेवली. आणि आईने त्याच झग्याच्या उरलेल्या जाळीचं, इलॅस्टिक लावलेलं झाकण शिवलं. झालरीसकट!

आता मला एकाच बशीत, एकाच हाताने वाढलं जातं आणि उष्टं सकाळी उचललं जातं. किडे गेले. रविवार आला आणि गेला, कावळा तसाच बसून आहे.

तुम्हाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत. म्हणून एका पायावर उभी राहून सांगते: माया चोरून करू नका. एकमेकांना विचारा, मग वाढा. आणि ज्याने वाढलं, त्यानेच उष्टं उचला. इतकं सोपं आहे हे, तरी तुम्ही फवारे विकत घेत बसता!

हे सांगते आहे तेव्हा घरात कोणी नाही आणि शेजारच्या काकू किल्ली घेऊन कुंड्यांना पाणी घालायला आल्या आहेत. पेटीपाशी थांबल्या आहेत. दाराकडे एकदा बघून घेतलं. आता जाळीचं इलॅस्टिक हळूच वर उचलताहेत, आणि त्यांच्या मुठीत काहीतरी हिरवं, गोल आहे.

“किती वाळलीस गं! यांचं काही खरं नाही. घे, पटकन खा, आणि कोणाला बोलू नकोस हं.”