चाकाखालचा दगड

एक.

घोडपदेवच्या त्या गॅरेजसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. लष्कराच्या लिलावातून आणलेला, मागे क्रेन बसवलेला जुना डिझेल ट्रक उतारावर उभा होता. बॉनेटवर लिंबं, हळद, काळी बाहुली. आणि दोरीने बांधलेला एक म्हातारा हात. गेटवर चहा विकणाऱ्या रमाबाईंचा. त्यांचं कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यात उतरलं होतं.

स्टार्टर नुसता गुरगुरत होता. ट्रक सुरू होत नव्हता.

"डिझेल म्हणजे काय?" मयूरनाथ महाराज माइकवर विचारत होते. तीन वर्षांपूर्वी ते नुसते मयूर होते आणि मोबाइलची कव्हरं विकत होते. "कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जिवांचं तेल. प्रेताला त्यात शिरायला कितीसा वेळ? या बाईचा हात लागला की प्रेत इंजिन धरून बसतं."

हात सोडवला. ट्रक झटक्यात सुरू झाला. गर्दीचे हात जोडले गेले. दोघी बायका टायरच्या पाया पडल्या.

दोन.

तेरा दिवसांपूर्वी याच ट्रकने स्वप्नीलला भिंतीशी चिरडलं होतं. स्वप्नील गॅरेजचा मेकॅनिक, अनुजाचा नवरा. ड्रायव्हर अमित खाली उतरलेला, चावी त्याच्या खिशात, आणि तरी इंजिन धडधडत आलं. सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. आदल्या दिवशी धूर दुधात जातो म्हणून रमाबाई स्वप्नीलवर तणतणल्या होत्या, तुझी गाडी तुकाच खाऊंदे. महाराजांना तेवढं पुरलं.

रमाबाईंचं कपाळ फोडणारा दगड अनुजाने मारला होता. गेटजवळ पडलेला, हाताला आला तो. मारताना बरं वाटलं होतं. हे तिने पुढे कुणापासूनही लपवलं नाही.

तीन.

महाराजांनी कसोटी सांगितली. हात पुन्हा बॉनेटला बांधायचा. गाडी अडली तर तापलेल्या सायलेन्सरवर म्हातारीचा तळवा दाबायचा, मांस सुटेपर्यंत. दाबायचा मान विधवेचा.

रमाबाई वळल्या. "अनू, माझ्या हातची चाय पिऊन गेलो तो. मी कित्याक मारतलंय तेका?"

कुणीतरी त्यांच्या तोंडावर मारलं. पदरावर दात पडला.

अमितने चावी फिरवली.

चार.

इथे गाडी उठायला हवी होती.

स्वप्नील रोज सकाळी चावी फिरवली की इंजिन उठेपर्यंत मोठ्याने सेकंद मोजायचा आणि भिंतीवर खडूने लिहायचा. अनुजा डबा घेऊन आली की तिलाही शिकवायचा. चारला उठली तर ठणठणीत. सातवर गेली की फिल्टर बघायचा. दहाच्या पुढे गेली तर वाटेत रडवणार. "पण आजार हळूहळू वाढतो, अनू. आज चार आणि उद्या कधीच नाही, मग परत चार, असं इंजिन करत नाही. असं माणूस करतो."

भिंतीवर अजून होतं. ४, ४, ५, ४.

आठ. नऊ. तिचे ओठ आपोआप मोजत होते.

अकरा.

तिने सायलेन्सरकडे पाहिलं. हात तिथेच दाबायचा होता. इंजिन पेटत नसलं तरी डिझेल आत जात असेल तर तोंडाशी पांढरा धूर येतो, हेही स्वप्नीलचंच. धूर नव्हता. धाग्याएवढासुद्धा नाही.

प्रेत आत असेलही. डिझेल का नव्हतं?

वीस.

ती केबिनच्या पायरीवर चढली. अमितचा उजवा हात चावीवर होता, डावा डॅशबोर्डखाली. तिथे इंजिन बंद करायची काळी मूठ असते. ती ओढली की डिझेल तुटतं. अमितने ती ओढून धरली होती.

नवऱ्याचा पाना ती तेरा दिवस सोबत घेऊन फिरत होती. तो तिने अमितच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. मूठ आत गेली. चावी तिने स्वतः फिरवली.

एक, दोन, तीन, चार.

रमाबाईंचा हात बॉनेटला बांधलेलाच होता. ट्रक सुरू झाला.

"विधवेच्या तेजाने प्रेत पळालं!" महाराज माइकवर ओरडले. दोन-चार जणांनी जयजयकारही केला.

अनुजाने रमाबाईंची दोरी कापली, उतार रिकामा करवला. इंजिन बंद केलं, मूठ पुन्हा आत ढकलली, चावी काढून महाराजांच्या हातात कोंबली. स्वप्नीलने शिकवलं होतं तसा तिसरा गिअर टाकून तिने हातब्रेक सोडला. ट्रक घरंगळला, गचका बसला, धूर सुटला आणि इंजिन गर्जलं. भिंतीच्या चार हात अलीकडे तिने ब्रेक दाबला, इंजिन बंद करून हातब्रेक ओढला.

चावी महाराजांच्या मुठीतच होती.

मग तिने माइक घेतला. या जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. चावी लागते ती स्टार्टर फिरवायला. चाकांनी फिरवलं तरी ते पेटतं. अमित गाडी गिअरमध्ये सोडून उतरला, ब्रेक धड लावला नाही, चाकाखाली दगड ठेवला नाही. माझा नवरा असा मेला.

अमित मनगट छातीशी धरून रडत होता. "महाराज म्हणाले, तू मूठ ओढून धर, बाकी मी निस्तरतो," तो म्हणाला.

गर्दी आता त्या दोघांवर उलटली. महाराजांची माळ तुटली, नाकातून रक्त आलं, कुणी सळई आणली. अनुजाने हॉर्न दाबला आणि सगळे थांबेपर्यंत सोडला नाही.

"मघाशी म्हातारीला मारत होते ते हेच हात," ती म्हणाली. "पोलिसांना फोन करा. जादूटोण्याच्या कायद्यात या दोघांना घालू दे. दगड कुणी मारला विचारतील, तेव्हा पहिलं नाव माझं सांगा. आणि पुढच्या वेळी चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी आणि उचलण्याआधी मोजा. चारपर्यंत तरी मोजा. धूर येतोय का बघा. मी बघितलं नव्हतं."

ट्रक उतारावर होता. चाकाखाली लावायला काहीतरी हवं होतं. गेटजवळ, रमाबाईंच्या पायाशी, तिने मारलेला दगड पडला होता. तिने तो उचलला. एका बाजूला ताजं रक्त. दुसरी बाजू टायरच्या रबराने घासून घासून काळीभोर, गुळगुळीत झालेली.

अमितने चाकाखाली न लावलेला तो हाच. तेरा दिवस तो तिथेच होता.

ती गुडघ्यांवर बसली आणि दगड चाकाशी लावला. तो नीट बसत नव्हता. मागून रमाबाईंचा आवाज आला, फुटलेल्या ओठांतून.

"वायच आतमदी सार."

तिने दगड आत सरकवला.